गोलरक्षकाच्या नावावरचे गोल कोणाचे?

गोलरक्षक किती चांगला, हे ठरवायला फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे एकच हिशेब होता: गोल किती खाल्ले? स्पेनमध्ये ‘मार्का’ दैनिकाने 1958-59 च्या हंगामापासून सुरू केलेला झामोरा करंडक याच हिशेबावर मिळतो. सामन्यामागे सर्वांत कमी गोल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला गोल्डन ग्लोव्ह क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, मोजून देतात. 2004-05 मध्ये तो चेल्सीच्या पीटर चेकला मिळाला, 24 क्लीन शीट्ससह. चेक थोरच. पण त्याच्यापुढे जॉन टेरी आणि कार्व्हालो हे बचावपटू होते, त्यांच्यापुढे मधल्या फळीतला माकेलेले. 38 सामन्यांत संघाने जेमतेम 15 गोल खाल्ले, त्याचं श्रेय वाटायचं कसं?

हा पेच अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीने आधी ओळखला. तिथल्या एनएचएल या लीगची वेझिना ट्रॉफी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना मिळायची. 1981-82 पासून ती संघांच्या जनरल मॅनेजरांच्या मतांनी देऊ लागले आणि कमी गोलांसाठी जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली.

अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी हे पुढचं पाऊल. तिच्यात बचावपटूंचा आडोसा थोडा कमी झाला, पण तीस यार्डांवरून हातात आलेला चेंडू आणि पाच यार्डांवरचा घणाघात तिला सारखेच. 2 डिसेंबर 2017 ला आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या डेव्हिड दे हेआने लाकाझेतचा फटका झेप घेऊन परतवला आणि पडल्यापडल्या पाय लांबवून सांचेझचाही अडवला. त्या दिवशी त्याने 14 फटके अडवले. त्या पायाची किंमत टक्केवारीत इतर कोणत्याही बचावाएवढीच!

2012 मध्ये खेळांची आकडेवारी ठेवणाऱ्या ऑप्टा कंपनीच्या सॅम ग्रीन यांनी ‘एक्सपेक्टेड गोल्स’ची कल्पना मांडली: प्रत्येक फटक्याला गोल होण्याच्या शक्यतेचं वजन. गोलरक्षकासाठी तिचं खास रूप पुढे आलं. त्यात फक्त गोलच्या चौकटीत येणारे फटके धरतात आणि चेंडू कोपऱ्यात चाललाय की थेट अंगावर, हेही पाहतात. त्या शक्यतांच्या बेरजेतून, स्वयंगोल सोडून, खाल्लेले गोल वजा केले की त्याने वाचवलेले गोल उरतात. मला हाच आजवरचा सर्वांत न्याय्य हिशेब वाटतो.

तरी 2014 च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध मॅन्युएल नॉयर पुन्हा पुन्हा पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन चेंडू उडवत होता, ते यात बसत नाही. तिथे फटका मारायची वेळच त्याने येऊ दिली नव्हती.