मॉडिंगसाठी कॅबिनेट घेताय? आधी सांगाडा बघा

गेमिंग कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, बघायला आलेल्यांची नजर आधी दिव्यांवर जाते. दिवे, पंखे, रंग पुढे कधीही बदलता येतात. पत्रा आणि आतला सांगाडा मात्र जो घेतला तोच राहतो. कॅबिनेट कापून, रंगवून स्वतःच्या मनासारखं करायचं असेल, म्हणजेच मॉडिंग करायचं असेल, तर घेण्याआधी एवढं बघाच.

आमच्या दुकानात दोन्ही बाजूंची झाकणं काढायला सांगा, आम्ही आनंदाने काढून देतो. मग तिरके दोन कोपरे धरून सांगाडा हलकेच पिळून बघा. आत्ताच लचकत असेल, तर वर पंख्याचं भोक पाडल्यावर आणखी ढिला पडणार. स्वस्तातल्या कॅबिनेटचा पत्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तो जिगसॉ करवतीखाली थरथरतो आणि कड वेडीवाकडी येते. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला मेहनत जास्त लागते, पण काम सुबक होतं.

आता जोड बघा. रिव्हेट असतील तर उत्तम. ड्रिलने डोकं उडवलं की पूर्ण सांगाडा सुटा होतो आणि रंगवून झाल्यावर पुन्हा रिव्हेट मारता येतात. स्पॉट वेल्डिंग (पत्रे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून जोडलेले) असेल तर तो मार्ग बंद. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगला (पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवायला) टाकणार असाल, तर प्लास्टिक, रबर आणि वायरी एकूण एक काढा, कारण भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. मदरबोर्डच्या स्क्रूची भोकं झाकायला सांगा. आट्यांत पावडर बसली की स्क्रू जात नाही आणि अर्थिंगही नीट मिळत नाही.

पाण्याचं कूलिंग बसवायचं असेल तर टेप सोबत आणा. पाणी थंड करणारा साधा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड, त्याखाली पंखा २५ मिलिमीटरचा, म्हणजे छतापासून ५२ मिलिमीटर गेलेच. तेवढ्यात रॅम किंवा प्रोसेसरची पॉवर केबल आडवी येते का, ते बघा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ असतं, १२० नव्हे. ही चूक फार जण करतात.

काचेबद्दल मात्र हात जोडून सांगतो: टेम्पर्ड ग्लासला ड्रिल लावू नका. आमच्याकडच्या एका मुलाने हौसेने लावलं होतं. टोक टेकलं मात्र, आख्खी काच ज्वारीच्या दाण्यांसारखी टेबलभर पसरली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. भोक हवंच असेल तर त्या जागी अॅक्रिलिकचं झाकण करून घ्या.

दिव्यांचं एकच. तीन पिनांची एआरजीबी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो ती) ५ व्होल्टची असते, चार पिनांची साधी आरजीबी (सगळी पट्टी एकाच रंगाची) १२ व्होल्टची. ५ व्होल्टची पट्टी १२ वर लागली की जळते.

सांगलीच्या मार्केट यार्डाच्या बाजूला राहत असाल तर बाहेर काढून धुता येईल अशी जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या. हळदीची धूळ फार बारीक असते.

कापायच्या जागेवर मास्किंग टेप लावून, खुणा करून कॅबिनेट आमच्या विश्रामबागच्या दुकानात घेऊन या. मापं तपासून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.