व्हील कव्हर गाडीच्या रंगात रंगवून घेण्यापूर्वी

कारखान्यातून येणारी प्लास्टिकची व्हील कव्हरे बहुतेक चंदेरी असतात. लाल, निळ्या किंवा दाट तपकिरी गाडीवर ती उपरी दिसतात, म्हणून ती गाडीच्याच रंगात रंगवून द्यावीत, अशी मागणी इंदुरातल्या आमच्या रंगकामाच्या कार्यशाळेत नेहमी येते. अँबॅसेडर चालवलेली मंडळी या कव्हराला अजूनही टोपी म्हणतात. ती टोपी धातूची असे. आजचे कव्हर प्लास्टिकचे आहे, आणि प्लास्टिकला रंग धरायला लावणे हे पत्र्यावर रंग मारण्याहून वेगळे काम आहे. आपले कव्हर रंगवण्याजोगे आहे की नाही, रंग कितपत जुळेल आणि काम हातात आल्यावर काय सांभाळावे लागेल, हे आधीच कळावे म्हणून आम्ही हे पत्रक प्रत्येक ग्राहकाच्या हाती देतो.

प्लास्टिकची जात

कव्हर उलटे करून पाहिले, तर मागच्या बाजूला दोन कोनी कंसांच्या मध्ये साच्यातच उमटवलेली रोमन अक्षरे सापडतात. एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीए अशी ती प्लास्टिकच्या जातीची लघुरूपे असतात, आणि पुढचे सगळे काम त्या दोन-तीन अक्षरांवर ठरते. एबीएस रंग चांगला धरते, परंतु कडक थिनर त्याला सोसत नाही. थिनर लागलेले एबीएस त्या क्षणी फक्त जरा मऊ आणि चिकट वाटते; केसासारख्या बारीक भेगा पुढे क्लिपांच्या बुडाशी उमटतात, कारण कव्हर रिममध्ये दाबून बसवल्यावर सगळा ताण तिथेच येतो. पीपीचे दुखणे याच्या उलट आहे. थिनरने त्याचे फारसे काही बिघडत नाही, मात्र त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे त्यावर पाणी पसरत नाही, तसाच रंगही पसरून घट्ट बसत नाही. पीए म्हणजे नायलॉन. ते या दोहोंच्या मानाने कमी येते.

शिक्का नसेल, तर आम्ही मागच्या कडेची भाताच्या दाण्याएवढी चकती कापून पाण्याच्या ग्लासात टाकतो. शुद्ध पीपीची घनता ०.९ च्या आसपास असल्याने ते तरंगते, तर एबीएस १.०५ च्या सुमारास असल्याने बुडते. ही परीक्षा एकतर्फी आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. तरंगले तर शंका उरत नाही. बुडाले तर ते शंखजिरे मिसळलेले पीपीही असू शकते, आणि त्या वेळी आम्ही कव्हर पीपीच आहे असे धरून चालतो, कारण त्यात जास्त खबरदारी घेण्यापलीकडे काही तोटा नसतो.

एका पावसाळ्यात रामबागेतले एक काका घरी स्प्रेच्या डब्याने रंगवलेली चार लाल कव्हरे पिशवीत घालून घेऊन आले होते. कडेला नख लावताच तळहाताएवढा पापुद्रा, दुधावरची साय निघावी तसा, अखंड हातात आला. खालचे काळे प्लास्टिक जसेच्या तसे चकचकीत होते. काकांनी डबा चांगल्या प्रतीचा आणला होता, हातही सराईत होता. रंग थेट पीपीवर गेला होता, एवढेच. पीपीवर आधी आसंजक प्राइमर लागतो, ज्याला रंगकामवाले अधेजन प्रमोटर म्हणतात. तो पाण्यासारखा पारदर्शक असतो, अगदी पातळ मारायचा असतो आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच त्यावर पुढचा थर चढवायचा असतो. जाड मारला तर तोच थर कमजोर होऊन सुटतो. कारखान्यांत पीपीच्या भागांवरून रंगापूर्वी गॅसची ज्योत झपाट्याने फिरवतात, त्यानेही पृष्ठभाग रंग धरू लागतो. लहान कार्यशाळेत ज्योतीचे अंतर आणि वेग दर वेळी सारखे राखता येत नाहीत, म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही.

धुणे आणि घासणे

कामाचा निम्म्याहून अधिक वेळ यात जातो, आणि ग्राहकाला दिसत नाही तोही हाच भाग. टायर पॉलिशमध्ये बहुधा सिलिकोनचे तेल असते. ते कव्हराच्या खाचांत मुरून बसते आणि ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडते. म्हणून कव्हरे आणून देण्यापूर्वी निदान आठ दिवस टायरला पॉलिश लावू नये, ही आमची पहिली विनंती. कव्हर आधी साबणाच्या कोमट पाण्याने व ब्रशने धुवून, मग तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसून घेतले जाते, आणि त्यानंतरच घासकामाला हात लागतो. हा क्रम उलटला, तर घासताना पडलेल्या ओरखड्यांत तेल दाबले जाते आणि पुढे कितीही पुसले तरी निघत नाही. खाचाकोपऱ्यांत करडा स्कॉचब्राइट आणि सपाट भागावर ४०० ते ६०० नंबरचा पाणपेपर आम्ही वापरतो. पीपीवर कोरडा आणि खरखरीत पेपर चालवत नाही. त्याला लव सुटते आणि ती रंगाखालूनही दिसते. शेवटी कव्हरावर स्वच्छ पाणी ओतून पाहतो. पाण्याचा पडदा कुठेही न फाटता सर्वत्र पसरला पाहिजे. जिथे तो आक्रसून थेंब होतात, तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पीपीवर मात्र स्वच्छ करूनही पाणी आक्रसतेच, त्यामुळे तिथे हा निकष न लावता पुसलेल्या पांढऱ्या कापडाकडे पाहावे लागते.

फूटपाथला घासून कडेला पडलेले ओरखडे प्लास्टिकसाठीच्या लवचीक पुट्टीने भरता येतात. क्लिप तुटलेले किंवा मागची तारेची कडी निसटलेले कव्हर मात्र आम्ही रंगवत नाही. बायपासवर वेगात सुटलेले कव्हर मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाऊ शकते.

रंग जुळवणे

गाडीच्या रंगाचा क्रमांक चालकाच्या दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर सापडतो. तो आम्हाला हवा असतो, परंतु केवळ त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. एकाच क्रमांकाच्या रंगाची कारखान्यागणिक आणि वर्षागणिक थोडी वेगवेगळी सूत्रे असतात, आणि पाच-सहा उन्हाळे उघड्यावर उभी राहिलेली गाडी स्वतःच्या मूळ रंगापासून सरकलेली असते. त्यामुळे कव्हरांबरोबर गाडीही एकदा आणावी. आम्ही रंगाचा नमुना लहान पत्र्यावर मारून, त्यावर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, चढवून, तो चाकाच्या कमानीजवळ धरून उन्हात पाहतो, सावलीत पाहतो, समोरून आणि तिरकस कोनातूनही पाहतो. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात, हा अनुभव साड्या घेणाऱ्या प्रत्येकीला आहे. तेच इथे घडते. नमुन्याला आपण स्वतः होकार द्यावा, मगच कव्हरांना रंग लागतो.

साधा पांढरा किंवा साधा लाल रंग जुळवणे त्यातल्या त्यात सोपे. लाल आणि पिवळे रंग झाकायला दुबळे असतात, म्हणून काळ्या कव्हरावर ते मारताना खालच्या प्राइमरची छटा योग्य निवडावी लागते, एवढीच काय ती अडचण. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची सूक्ष्म पत्रे असतात. ती आडवी निजली तर रंग समोरून उजळ दिसतो, उभी-तिरकी राहिली तर काळपट. आणि ती कशी निजणार हे स्प्रे गनचे अंतर, हवेचा दाब आणि थराचा ओलेपणा यांवर अवलंबून असते. चाकाची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण ते फिरते आणि दर वेळी वेगळ्या कोनात थांबते. पत्रे एकाच दिशेने कललेली असतील, तर शेजारशेजारची दोन चाके वेगवेगळ्या छटांची दिसतात. म्हणून चारही कव्हरे फिरत्या स्टँडवर उभी लावून, एकाच घोटाच्या, म्हणजे एकदाच कालवलेल्या, रंगाने आणि एकाच दिवशी आम्ही मारतो, आणि शेवटचा हलका हात गन जरा लांब धरून देतो, म्हणजे पत्रे विखुरतात. मोतिया पांढऱ्याला तीन थर असतात, खालचा पांढरा, मधला मोत्याचा आणि वरचा क्लिअर. मधल्या थराचे दोन हात की तीन, यावर छटा ठरते, म्हणून त्याचे नमुनेही दोन-तीन काढावे लागतात आणि दर अर्थातच जास्त पडतो.

इतके करूनही कव्हर बॉडीपेक्षा किंचित गडद दिसेल, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. ते खाली, कमानीच्या सावलीत असते, त्याच्यावर आभाळाऐवजी डांबराचे प्रतिबिंब पडते आणि त्याला सपाट भाग जवळजवळ नसतोच. आपल्या गाडीचा बंपर आणि त्याला लागून असलेला मडगार्ड तिरकस उन्हात पाहावा. दोन्ही कारखान्यातूनच रंगून आले असूनही पुष्कळ गाड्यांवर त्यांच्यात फरक दिसतो.

चौदा इंची चार कव्हरांचे दर्शनी क्षेत्रफळ मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या आसपासच भरते, म्हणून "रंग तो कितीसा लागणार?" असा प्रश्न नेहमी येतो. रंग थोडाच लागतो, परंतु घोट जितका लहान तितकी वजनातली चूक मोठी पडते. शंभर मिलीलिटरच्या घोटात काळ्याचा एक थेंब जास्त झाला तरी छटा फिरते. यामुळे आम्ही पाव लिटरपेक्षा कमी रंग घोटत नाही. उरलेला रंग हार्डनर (थर कडक करणारा दुसरा घटक) न घालता, रंगाचा क्रमांक व तारीख लिहिलेल्या बाटलीत ग्राहकाला परत दिला जातो. पुढे दारावर टवका उडाला, तर ती बाटली उपयोगी पडते.

थर, आणि जिथे रंग लागता कामा नये

प्राइमर, त्यावर रंगाचे दोन-तीन हलके हात आणि शेवटी दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर असा क्रम असतो. प्रत्येक हातानंतर रंगाची ओली चमक मावळेपर्यंत थांबावे लागते. वाळवण्यासाठी उष्णता दिली तरी ती ६० अंशांच्या पुढे नेत नाही, नाहीतर कव्हराचा गोल बिघडतो आणि ते रिममध्ये नीट बसत नाही. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासाबरोबर जाणे धोक्याचे. म्हणून हे काम घरी करून पाहू नये आणि आमच्याकडे काम चालू असताना लहान मुलांना घेऊन आत येऊ नये. घरीच करायचे असेल, तर योग्य प्लास्टिक प्राइमर आणि एका घटकाचा स्प्रे डबा घ्यावा. साध्या रंगात त्याने बरे काम होते, मात्र पेट्रोलचा थेंब त्याला सहन होत नाही.

मागच्या क्लिपा, तारेची कडी आणि रिमला टेकणारी कड आम्ही चिकटपट्टीने झाकून ठेवतो, कारण तिथे थर चढला की बसणी घट्ट होते किंवा रंग चुरा होऊन गळतो. हवेच्या फटी बुजवून कव्हर अखंड ताटासारखे करून द्या, असा आग्रह काही जण धरतात. तो आम्ही मान्य करत नाही. त्या फटींतून ब्रेकची उष्णता बाहेर जाते. मधले कंपनीचे चिन्ह झाकून, न रंगवता ठेवले जाते. नोंदणीपत्रावर गाडीच्या रंगाची नोंद असते, म्हणून आरटीओचे काय, असेही विचारले जाते. बॉडीचा रंग बदलला जात नाही, त्यामुळे इथे तो प्रश्न येत नाही.

आमचे मत विचाराल, तर पांढऱ्या गाडीला पांढरी कव्हरे आम्ही सहसा सुचवत नाही. ब्रेकची लोखंडी भुकटी पुढच्या चाकांवर बसून चार दिवसांत ती पिवळट-तपकिरी दिसू लागतात, आणि पावसाळ्यात माळव्याची काळी माती उडाली की विचारायलाच नको. अशा गाडीला करडा रंग शोभतो. बाजारातून आणलेले हलके पीपीचे कव्हर असेल आणि रंगकामाचा खर्च नव्या संचाहून जास्त होत असेल, तर तेही आम्ही अंदाजपत्रक देतानाच सांगतो.

ऋतू आणि सण

माळव्याची रात्र गारव्यासाठी नावाजलेली असली, तरी पीयू क्लिअरला ती मानवत नाही. पौष-माघात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा क्लिअर घट्ट व्हायला फार वेळ घेतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा हार्डनरशी संयोग पावून बारीक बुडबुडे धरतो. म्हणून एरवी तीन दिवसांत होणाऱ्या कामाला श्रावण-भाद्रपदात आणि थंडीत पाच दिवस धरावेत.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनाच घाई असते, परंतु ताज्या क्लिअरवर हळद-कुंकू लागले की हळदीचा डाग आत मुरतो आणि पॉलिशनेही जात नाही. शक्य तर काम सणाच्या पंधरा दिवस आधी उरकावे. नपेक्षा चाकाची पूजा टायरच्या रबरावर करावी. रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, तेच. त्या दिवशी नवी रंगवलेली गाडी राजवाड्याच्या बाजूला नेऊ नये.

घरी नेल्यावर

रंग हाताला काही तासांतच कोरडा लागतो, तरी कव्हरे आम्ही दुसऱ्या दिवसानंतरच चढवून देतो, आणि क्लिअरला पुरता कडकपणा यायला साधारण आठवडा लागतो. तोवर फोमवॉश आणि जोराच्या पाण्याचा फवारा टाळावा. पुढेही फवारा कव्हरापासून हातभर लांब धरावा आणि कडेत घालू नये. रिम उजळण्याचे आम्लयुक्त द्रव वापरू नयेत. बादलीभर साबणाचे पाणी पुरते. चोरीच्या भीतीने कव्हराला केबल टाय बांधायचे असल्यास तसे आधी सांगावे, म्हणजे त्या जागी आम्ही पारदर्शक फिल्मचा तुकडा लावून देतो. टाय कंपनाने घासून रंग कापतो.

पंक्चर काढणाऱ्याकडे कव्हर उतरवण्याची वेळ येते, तेव्हा जवळ उभे राहावे. पेचकस कडेत घालून उपटले की टवका ठरलेला. कडेखाली कापड धरून, समोरासमोरच्या दोन बाजूंनी थोडे थोडे सैल करत काढावे. बसवताना कव्हराची खाच हवेच्या नोझलशी जुळवून तळहाताने गोलाकार दाबत न्यावे, हातोडी किंवा पान्याचा दांडा मारू नये.

रंग पापुद्र्याने सुटला, तर वर्षभराच्या आत आम्ही तो विनामूल्य पुन्हा करून देतो. गिट्टीचे टवके, फूटपाथचे ओरखडे आणि पेचकसाच्या खुणा यांत धरलेल्या नाहीत. कव्हर आणताना पावती सोबत असावी, कारण प्लास्टिकची जात आणि घोटाचे वजनवार सूत्र तिच्या मागच्या बाजूला लिहिलेले असते.