जोडबांधणी, तेलवाहू जहाजांची

भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल उतरवताना दोन्ही जहाजे कुशीला कूस लावून दोरखंडांनी एकत्र धरून ठेवण्याची पद्धत. अवाढव्य टँकर उथळ बंदरांत शिरू शकत नाहीत. त्यांचा माल बाहेरच लहान जहाजांवर घ्यावा लागतो. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या गॅल्व्हस्टन बंदरासमोर असे काम नेहमी चालते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. नौदलाचा इतिहास लिहिणारे ती युद्धनौकांना समुद्रात इंधन पुरवण्याच्या प्रयोगांशी जोडतात. १८९९ मध्ये अमेरिकेच्या मार्सेलस या कोळसावाहू जहाजावरून मॅसॅच्युसेट्स या युद्धनौकेवर तारेच्या झुल्याने कोळशाची पोती पाठवण्यात आली. १९०६ च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने एकामागे एक चालणाऱ्या जहाजांत होजने, म्हणजे लवचिक नळीने, तेल देऊन पाहिले. २८ मे १९१७ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये अमेरिकेच्या मॉमी या तेलवाहू जहाजाने विनाशिकांना शेजारून इंधन दिले. दुसऱ्या महायुद्धात पुढे नावारूपाला आलेले अमेरिकी नौसेनानी चेस्टर निमिट्झ तेव्हा त्यावर अधिकारी होते. मात्र या सर्व प्रसंगांत जहाजांमध्ये पाण्याचा पट्टा राखलेला होता आणि मॉमीवरचे दोरही ते अंतर सांभाळण्यासाठीच होते. म्हणून अंटार्क्टिकातील देवमाशांच्या शिकारी ताफ्यांकडे बोट दाखवणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. तेथे, बहुधा १९२५ नंतरच्या दशकांत, कारखाना-जहाज (शिकारीवर समुद्रातच प्रक्रिया करणारे जहाज) आणि टँकर यांच्या मधे मेलेला देवमासा गादीसारखा सोडून त्याच्या आधाराने जहाजे बांधत. योकोहामा रबर कंपनीने १९५८ मध्ये तयार केलेला, हवा भरलेला तरंगता रबरी फेंडर, म्हणजे जहाजे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे ठेवायची गादी, याच गरजेतून आला. आजही खलाशी अशा फेंडरला नुसते ‘योकोहामा’ म्हणतात. मोठ्या टँकरांसाठी ३.३ मीटर व्यासाचे आणि ६.५ मीटर लांबीचे फेंडर सर्रास वापरले जातात.

एक जहाज दिशा व वेग स्थिर ठेवते आणि दुसरे सहसा आपली डावी बाजू त्याच्या उजव्या बाजूला लावते. हेड व स्टर्न लाइन जहाजांची टोके धरतात, ब्रेस्ट लाइन जहाजांना फाकू देत नाहीत आणि स्प्रिंग लाइन पुढेमागे सरकणे रोखतात. खरी अडचण दोरांच्या ताणात असते. एकाच दिशेला काम करणाऱ्या दोरांपैकी जो कमी लांबतो, तोच बहुतेक भार घेतो आणि आधी तुटतो. त्यामुळे वेगवेगळ्या जातीचे दोर मिसळणे घातक ठरते. पोलादी तार किंवा उच्चबल कृत्रिम दोर फारसा ताणला जात नाही, म्हणून त्याच्या टोकाला निदान ११ मीटरचा लवचिक दोर जोडतात. विंचचा (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा) ब्रेक दोराच्या तुटभाराच्या, म्हणजे ज्या भाराला दोर तुटतो त्याच्या, सुमारे ६० टक्क्यांवर सुटेल असा लावतात: ताण वाढला तर दोर तुटण्याऐवजी थोडा सरकावा. दोर बंद फेअरलीडमधूनच (जहाजाच्या कडेला दोर ओवून बाहेर नेण्याच्या कड्यातूनच) बाहेर काढावे लागतात. उघड्या फेअरलीडमधून ते वर उचकटून निसटतात, कारण माल देणारे जहाज तास-तासाला वर येते, घेणारे खाली बसते आणि दोरांचा कोन पालटत राहतो. एखादा दोर आवळून दुसरा सैल करण्याचे हे काम पंप बंद होईपर्यंत थांबत नाही. ताणलेला दोर तुटून उलट फिरला तर तो जीवघेणा असतो; त्याच्या रेषेत उभे राहणे हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

हवामानाची मर्यादा केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरवणे पुरेसे नाही. दूरच्या वादळातून येणारी लांब अंतराची लाट दिसायला सौम्य असते, पण तिची लय जहाजाच्या डोलण्याच्या लयीशी जुळली की दोर एकामागोमाग तुटू शकतात.

नियमन उशिरा आले. तेल कंपन्या व जहाजमालकांच्या संघटनांनी १९७० च्या दशकात मार्गदर्शिका काढल्या. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारातील संबंधित प्रकरण १ जानेवारी २०११ पासून लागू झाले. १५० वा अधिक सकल टनभाराच्या (जहाजाच्या एकूण आकारमानाचे माप) तेलटँकरांना त्यानुसार मंजूर कार्ययोजना लागते. एखाद्या देशाच्या किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्रात किंवा त्यापलीकडच्या, त्या देशाला संसाधनांचे हक्क असलेल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात असे काम करायचे असल्यास किनारी देशाला किमान ४८ तास आधी कळवावे लागते. जहाजाच्या स्वतःच्या वापराचे इंधन भरणे या प्रकरणाच्या कक्षेबाहेर आहे.