पचनमार्गातील रक्तस्राव आणि सीटी अँजिओग्राफी

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कोठेही रक्तस्राव होत असल्यास त्याची जागा, त्याची धमनी आणि तो आत्ता चालू आहे का, हे सीटी चित्रांवरून ओळखून उपचार ठरवण्याची पद्धत. बोलण्यात 'सीटी अँजिओ'.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली की उगम बहुधा जठरात वा लहान आतड्याच्या सुरुवातीला असतो. तेथे दुर्बीण आधी. तिने रक्त दिसते आणि त्याच बैठकीत थांबवताही येते. शौचातून लाल रक्त भसाभस जाऊ लागले की प्रश्न अवघड होतो. आतडे साफ केल्याशिवाय कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत धड दिसत नाही, आणि साफ करण्यात तास जातात. मग आधी काय करायचे हे ठरवायला शॉक इंडेक्स बघतात. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले की तो मिळतो. नाडी १२० आणि रक्तदाब ९० असेल तर तो १.३ येतो. हा आकडा १ च्या वर राहिला, तर आधी सीटी अँजिओ करावी, असे ब्रिटिश गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

तपासणीपूर्वी तोंडावाटे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात पांढरे दिसणारे औषध पाजत नाहीत. आतडे पांढरे दिसू लागले तर गळती त्यात लपते. पहिली चित्रे साधी घेतात, म्हणजे आतड्यात पडलेली एखादी गोळी रक्त समजली जात नाही. मग हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडून धमन्या भरल्यावर आणि पुन्हा थोड्या वेळाने चित्रे घेतात. आतड्याच्या पोकळीत पांढरा ठिपका उमटला आणि पुढच्या फेरीत पसरला, की गळती चालू आहे. मिनिटाला ०.३ ते ०.५ मिलिलिटर इतका स्रावही यात दिसू शकतो. पण रक्त थांबत-वाहत असते. नेमके थांबलेल्या वेळी काढलेले चित्र कोरे येते, म्हणून कोरे चित्र म्हणजे धोका टळला असे नव्हे.

सोलापुरात ही वेळच निसटते. शौचावाटे रक्त गेले की 'मूळव्याध असेल, तिखट बंद कर' हा घरचा सल्ला ठरलेला, आणि शेंगदाणा चटणीवर खापर फुटते. मंगळवेढा, बार्शी किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून निघालेला रुग्ण 'सिव्हिल'ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यात पोहोचेपर्यंत स्राव कधी थांबलेलाही असतो.

ठिपका सापडला तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे चित्रे पाहत नळीने उपचार करणारा डॉक्टर, जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन धमनीची गळणारी फांदी कॉईलने (तारेच्या बारीक वेटोळ्याने) वा ग्लूने बंद करतो. याला एम्बोलायझेशन म्हणतात. फांदी जितकी टोकाची, तितका आतड्याचा तुकडा रक्ताविना मरण्याचा धोका कमी. तरी नंतर पोटदुखीवर लक्ष ठेवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टचा विचार करावा लागतो, पण जीव धोक्यात असताना क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीच्या) अहवालासाठी थांबत नाहीत. रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवायचे झाल्यास अहवालाच्या कागदाबरोबर चित्रांची सीडीही द्यावी लागते, कारण नळी कोणत्या वळणाने न्यायची हे तिकडचा डॉक्टर त्या चित्रांतच पाहतो.