चारही चाकं फिरतात, तरी गाडी का अडते?

पुण्यात मध्यम आकाराची एसयूव्ही घेणाऱ्यांचा विचार साधारण एकाच वळणाने जातो. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी, आणि पाऊस लागला की ताम्हिणी, वरंधा नाहीतर मावळातल्या कुणाच्या तरी शेतावर. शोरूममध्ये मात्र गप्पा रंगतात त्या हॉर्सपॉवरच्या आणि सनरूफच्या. चिखलात या दोन्हींचा काही उपयोग नाही. तिथे प्रश्न एवढाच उरतो, की टायर आणि जमीन मिळून किती जोर पेलू शकतात.

आकडे घालून पाहू. गाडी १७०० किलोची, फक्त पुढची चाकं ओढणारी. तिचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे १०२० किलो. घर्षणाचा गुणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट जोर पकड पेलते तो आकडा, कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास असतो. ओल्या निसरड्या मातीवर तो ०.२ पर्यंत घसरतो. म्हणजे चाकं फार तर २०४ किलोचा जोर लावणार, त्यापुढे नुसती जागच्या जागी फिरणार. आता समोर दहा मीटरला एक मीटर असा चढ आहे. तो चढायला वजनाचा दहावा भाग, १७० किलो जोर लागतो, आणि मऊ माती दाबत पुढे सरकायला साधारण तेवढाच आणखी. लागतात ३४०, हातात २०४. इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं असो की दोनशे, गाडी तिथेच. चारही चाकांना ताकद मिळाली तर सगळं १७०० किलो वजन कामाला लागतं आणि १७०० गुणिले ०.२ बरोबर ३४०. काठावर पास!

चढावर वजन मागे झुकतं, त्यामुळे पुढच्या चाकांची पकड आणखी कमी होते. अशा निसरड्या चढावर जुने ड्रायव्हर गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये वर घेतात, म्हणजे झुकलेलं वजन ओढणाऱ्या चाकांवरच येतं. लोक हसतात, पण ते बरोबरच करत असतात.

आता मथळ्यातला प्रश्न. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेलं असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र दोघांना सारखाच देतं. गोम इथेच आहे. डावं चाक शेवाळलेल्या दगडावर गेलं की ते फारसा टॉर्क पेलूच शकत नाही. मग घट्ट मुरुमावर उभ्या असलेल्या उजव्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक टॉर्क मिळतो. एक चाक भिरभिरतं, दुसरं स्वस्थ उभं. फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, पुढचा आणि मागचा दांडा ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) एकमेकांना बांधला जातो, पण पुढचं आणि मागचं डिफरन्शियल साधंच असेल, तर पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरपी दोन चाकं अधांतरी झाली की संपलं. मागे ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं असतं आणि गाडी ओढायला ट्रॅक्टर येतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे डिफरन्शियल लॉक, जो दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. दुसरा स्वस्तातला: एबीएसच्या सेन्सरना भिरभिरणारं चाक कळतं आणि संगणक फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबतो. हाच ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल. त्या चाकाला विरोध मिळाला की डिफरन्शियल तेवढाच टॉर्क पलीकडच्या चाकालाही देतं. युक्ती छान आहे, पण चाक थोडं घसरल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि त्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरावा लागतो. बहुतेक जण नेमके तेव्हाच घाबरून पाय काढतात. एसयूव्ही बघायला जाल तेव्हा किती चाकांना ताकद जाते एवढंच विचारून थांबू नका. एक चाक घसरलं तर दुसऱ्याला ताकद कशी पोचते, हेही विचारा. उत्तर देता आलं तर तो सेल्समन चांगला.

लो रेंज, म्हणजे ट्रान्सफर केसमधला जादा हळू गिअर, फक्त चढण्यासाठी असते असाही गैरसमज आहे. लो रेंजमध्ये चाकांवरचा टॉर्क साधारण अडीच पट होतो आणि वेग तितकाच कमी. पण तिचा खरा फायदा उतरताना कळतो. खडकाळ उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. मधल्या वर्गातल्या बऱ्याच ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना ही सोय नसते. ओल्या घाटात चढावर गाडी उचलायला त्या उत्तम, पण तेवढंच. आणि घाटात थांबण्याच्या बाबतीत तर सगळ्या गाड्या सारख्या, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. फोर बाय फोर आहे म्हणून खंबाटकीच्या उतारावर गाडी लवकर थांबत नाही.

माती कुठली आहे, याने सगळी गणितं बदलतात. पश्चिमेला मुळशी-मावळात कातळ, मुरूम आणि तांबडी माती. मुरुमातून पाणी निचरून जातं, त्यामुळे पावसातही चाकाला पकड मिळते. पूर्वेला दौंड-बारामतीकडची काळी माती वेगळीच. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं. मग कच्च्या रस्त्यासाठी बनवलेले ऑल-टेरेन टायरही फार टिकाव धरत नाहीत. काळ्या रानात जुलैत गाडी घालूच नये, हे तिथला शेतकरी आपल्याला आधीच सांगतो. आपणच ऐकत नाही.

टायरवरून एक आठवलं. वरच्या मॉडेलला मोठ्या अलॉय रिम देतात, पण चाकाचा एकूण व्यास तोच असल्याने टायरची रबरी बाजू कमी होते. खड्ड्याच्या कडेवर आपटल्यावर दबायला रबरच उरत नाही. कच्च्या रस्त्यासाठी खालचं मॉडेलच जास्त शहाणं, पण शोरूममध्ये हे कुणी सांगणार नाही.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमीन आणि गाडीच्या तळामधल्या उंचीचा, छापील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनेही करासाठी एसयूव्ही कोणती हे ठरवताना १७० मिलिमीटर उंची रिकाम्या गाडीचीच धरायची, असं स्पष्ट केलं. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी तीनेक सेंटीमीटर सहज बसते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर आणि मधला भाग २०० मिलिमीटर उंच असेल, तर सुमारे साडेसतरा अंशांहून टोकदार उंचवट्यावर तो टेकणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतले गतिरोधक कुठल्या नियमात बसतात, हे सोसायटीच्या अध्यक्षांनाच ठाऊक.

आता आठवड्याचे पाच दिवस. सिग्नलला गाडी ताशी ४० वरून शून्यावर आली, की १७०० किलोच्या गाडीची सुमारे १०५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ती पुन्हा मिळवायला साधारण १३ मिलिलिटर पेट्रोल जळतं. ११०० किलोच्या छोट्या गाडीला साडेआठ पुरतं. वाटेत चाळीस वेळा थांबलात तर अर्धा लिटर नुसतं थांबण्यात गेलं. फोर बाय फोरचे दांडे, गिअर आणि शिडीसारखी चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) यांचं वजन आपण रोज विद्यापीठ चौकातून वाहत असतो. ब्रोशरमधला अ‍ॅव्हरेजचा आकडा ज्या चाचणीतून येतो, ती वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थांमध्ये रोलरवर होते, ठरावीक तालात, ताशी ९० च्या वर न जाता. त्या तालात आपला चांदणी चौक नाही.

डिझेल घेणार असाल तर धुरातली काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर लक्षात ठेवा. ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते गाठलं जात नाही. रोज एवढंच चालणार असेल तर डिझेल नकोच.

माझं मत विचाराल, तर दहातल्या नऊ पुणेकरांना पुढची चाकं ओढणारी, ब्रेकवर चालणारा चांगला ट्रॅक्शन कंट्रोल असलेली आणि उंच बाजूचे टायर बसवलेली एसयूव्ही पुरते. उरलेल्या एकाने मधलं काही न बघता थेट लो रेंज असलेली गाडी घ्यावी आणि शहरातल्या पेट्रोलची तक्रार करू नये.

टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे सोबत न्या, तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडी चढवा-उतरवा आणि डिकी उघडून स्टेपनी बघा. बऱ्याच गाड्यांत ती लहान मापाची असते. फोर बाय फोरमध्ये हे जास्त महागात पडतं, कारण एका चाकाचा व्यास वेगळा झाला की पुढचा आणि मागचा दांडा वेगळ्या वेगाने फिरू पाहतो आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. तशी स्टेपनी लावली असेल तर टू-व्हील ड्राइव्हवरच, हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत.