सातव्या वर्षाची सूट आणि पन्नासाव्या वर्षाचं योबेल

परमेश्वर गांजलेल्यांचा न्याय करतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळं करतो, हा बायबलातल्या १४६ व्या स्तोत्राचा आशय नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत लहान पोरंही सांगतील. पण करतो म्हणजे कसं करतो, असं विचारलं की दोन गोष्टी एका दमात येतात: सातवं वर्ष आणि योबेल, म्हणजे प्राचीन इस्राएलाच्या नियमातलं पन्नासावं वर्ष. ‘योबेलाच्या वर्षी सगळी कर्जं माफ व्हायची’ हे वाक्य तर हमखास ऐकू येतं. शास्त्रात तसं नाही. कर्जाची सूट सातव्या वर्षाची, ती बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात आहे. योबेल ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आहे. तिथं कर्ज सोडण्याबद्दल अवाक्षर नाही, तिथं जमीन आणि माणूस परत येतात. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस यानंही योबेलात कर्जं सुटतात असं लिहून ठेवलंय, तेव्हा एकट्या आपल्या उपदेशकांना बोल लावण्यात अर्थ नाही.

खानदेशात हा फरक समजायला लांब जावं लागत नाही. सालदाराचं घ्या. आखाजीला साल ठरतं, उचल मिळते. मधेच लग्न किंवा दुखणं निघालं की उचल वाढते, पुढच्या आखाजीला हिशोब बसला की अंगावर बाकी निघते, आणि ती फिटेस्तोवर त्याच मालकाकडं आणखी एक साल. ही बाकी कोणी खोडली तर माणूस त्या दिवसापुरता सुटला. पण त्याच्या बापाचं चार बिघे रान आधीच खरेदीखतानं गेलं असेल, तर तो पुन्हा उचल मागायला उभा राहणारच. बाकी खोडणं हे सातव्या वर्षाचं काम. रान परत मिळणं हे योबेलाचं.

सातव्या वर्षात खरं तर दोन वेगळे नियम आहेत. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात सहा वर्षं पेरणी आणि सातव्या वर्षी जमीन पडीक. आपोआप उगवेल ते गरिबांनी खावं, उरेल ते रानातल्या जनावरांनी. भुकेल्याची सोय इथं आहे. अनुवादात त्याच्या जोडीला कर्जाची सूट येते. यात आणखी एक ‘सातवं’ घुसतं आणि घोळ वाढतो: विकल्या गेलेल्या इब्री, म्हणजे इस्राएली, माणसानं सहा वर्षं राबावं आणि सातव्या वर्षी मोकळं व्हावं. हे सातवं वर्ष त्याच्या स्वतःच्या चाकरीपासून मोजायचं, साऱ्या देशाच्या वर्षाशी त्याचा संबंध नाही. त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं काही द्यायचं, असंही तिथं बजावलंय. सुटलेला माणूस महिन्याभरात परत दारात येऊ नये, ही समज त्यामागं दिसते.

सूट देणाऱ्याचं मात्र खरंच नुकसान होतं. म्हणून सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजू भावाला नाही म्हणू नकोस, असा दम अनुवादात भरलाय. दम पुरला नाही. सूट जवळ आली की लोक कर्जच देईनात, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या धर्मगुरूनं प्रोझबुल नावाचा दस्त काढला: येणं न्यायालयाच्या हवाली करायचं, म्हणजे सातव्या वर्षी ते बुडत नाही. कोणी याला पळवाट म्हणेल. मला ती गरिबाला कर्ज मिळत राहावं म्हणून केलेली तडजोड वाटते, पण तिनं सूट कागदावरच राहिली हेही खरं.

योबेलात असा दम भरावाच लागत नाही, कारण तिथं हिशोब आधीच करून ठेवलाय. सात सप्तकं, म्हणजे ४९ वर्षं मोजायची आणि पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, शिंग फुंकायचं. शेत विकताना पुढच्या योबेलापर्यंत किती पिकं निघतील तेवढीच किंमत घ्यायची. चाळीस वर्षं बाकी असतील तर किंमत मोठी, पाचच असतील तर थोडी. हा व्यवहार विक्रीचा नाहीच, लांब मुदतीचा मक्ता आहे. मुदत संपली की रान मूळ घराण्याकडं जातं आणि घेणाराही बुडत नाही, त्यानं पिकं खाल्लेली असतात. कारणही दिलंय: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं उपरे. कायमची विक्री म्हणून बंद. नाबोथ नावाच्या इस्राएली मळेवाल्यानं आपल्या अहाब राजाला मळा नाकारला तो याच वतनाच्या आधारावर, आणि त्यात जीव गमावला.

कोटबंद नगरातलं घर मात्र वर्षाच्या आत सोडवलं नाही तर कायमचं गेलं. आणि परदेशी गुलामाला योबेलाची सुटका नव्हती; अध्याय तसं स्पष्ट म्हणतो, ते झाकण्यात हशील नाही.

जमीन परतीची गोष्ट शहादा-तळोद्याला नवी नाही. १९७० च्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न तिथंच लावून धरला. १९७४ च्या महाराष्ट्र कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ दरम्यान बिगर-आदिवासींकडं गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्याची वाट काढली. वेठबिगारी बंद करणारा, तिच्यातलं कर्ज रद्द करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. एक जमिनीचा, एक कर्जाचा.

बंदिवानांचं काय? मोशेच्या नियमशास्त्रात अमुक वर्षं कैद अशी शिक्षा नाही. निकाल होईपर्यंत डांबून ठेवल्याचे दाखले आहेत, तेवढेच. देणेकऱ्याला फिटेपर्यंत कैदेत टाकणं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या एका बोधकथेत येतं. म्हणून येशूनं नासरेथात यशयाचं पुस्तक उघडून बंदिवानांची सुटका वाचली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं चोर-दरोडेखोरांच्या बरोबरीनं देण्यापायी अडकलेला शेजारीही आला असेल. त्या उताऱ्यातलं ‘परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष’ योबेलाकडं बोट दाखवतं, असं बरेच अभ्यासक मानतात.

सातवं वर्ष इस्राएलात आजही पाळतात. अलीकडचं २०२१-२२ मध्ये झालं. योबेल पाळल्याची ठाम नोंद बायबलात सापडत नाही. कर्जाची सूट आणि जमिनीची परती या दोन्ही गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात त्या यरुशलेमाकडचा यहुदी अधिकारी नहेम्या याच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडलेली, पोरं-पोरी दासपणात गेलेल्या. नहेम्यानं सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेत उभं केलं आणि शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरं आणि घेतलेलं व्याज आजच्या आज परत करा म्हणून सांगितलं. वर याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. तेव्हा सातवं वर्ष चालू होतं की पन्नासावं, याचा त्यानं उल्लेखही केलेला नाही.