मंद गोळीला वारा कमी का लागतो?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समध्ये शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं नाव देशभर झालं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. त्यानंतर नेमबाजीबद्दल भरपूर बोललं गेलं आणि त्यात एक समज सारखा डोकावत राहिला: रायफलची गोळी आवाजाच्या कितीतरी पुढे धावते, आणि गोळी जितकी वेगवान तितका नेम अचूक.

या खेळापुरतं बोलायचं तर यातला पहिला भाग चूक आहे आणि दुसरा चक्क उलटा. कुसाळे ज्या प्रकारात खेळतो त्यातली गोळी मुद्दाम आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने सोडतात. वारा सुटला की ही मंद गोळी तिच्याच वजनाच्या, तिच्याहून वेगवान गोळीपेक्षा कमी भरकटते. बॅलिस्टिक्समध्ये, म्हणजे गोळीच्या गतीच्या शास्त्रात, याहून सुंदर गोष्ट मला ठाऊक नाही, म्हणून या लेखात बाकी सगळं आवरतं घेऊन तिच्यावरच रेंगाळणार आहे.

आधी हत्याराची ओळख. या रायफलीला आपल्याकडचे नेमबाज 'पॉइंट टू टू' म्हणतात. तिचं काडतूस म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ मध्ये आणलं आणि आजही जगभर हौशी नेमबाजीचं आणि सशासारख्या छोट्या शिकारीचं हेच मुख्य काडतूस आहे. गोळी शिशाची, व्यास ५.६ मिलिमीटर, वजन २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. २५ अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर असतो.

नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. साधारण ४० सेंटिमीटरला एक पूर्ण पीळ. त्या पिळामुळे गोळी सेकंदाला सुमारे ८०० गिरक्या घेत बाहेर पडते. ही गिरकी तिला कोलांटू देत नाही आणि तिचं नाक समोरून येणाऱ्या हवेकडे रोखून धरते. हे नाकाचं वळण पुढे फार कामाला येणार आहे.

लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्याभोवती दर ८ मिलिमीटरवर एकेक गुण कमी करणारं वर्तुळ. कुसाळेने पात्रता फेरीत ६० गोळ्यांमध्ये ६०० पैकी ५९० गुण घेतले होते. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत मिळून गेले फक्त दहा गुण! ५० मीटरच्या रेंजवर नेमबाज छपराखाली असला तरी गोळीची बरीचशी वाट उघड्यावरून जाते. तिथे पिंपळाची पानं सळसळतील एवढा, सेकंदाला ३ मीटरचा वारा आडवा वाहत असेल तर काय होतं?

बहुतेकांना वाटतं की वारा गोळीच्या कुशीवर दाब देतो आणि तिला बाजूला ढकलतो. तसं असतं तर हिशोब सरळ होता. जी गोळी हवेत जास्त वेळ राहील ती जास्त ढकलली जाईल, म्हणजे वेगवान गोळी केव्हाही बरी. पण गोळीची कूस वाऱ्याला सापडतच नाही. नळीतून सुटल्यावर ती अगदी थोड्या वेळात नाक किंचित वाऱ्याकडे वळवते, जिकडून तिला हवा येताना 'भासते' त्या दिशेला. मग हवेचा अवरोध नाकावरून शेपटीकडे, त्या किंचित तिरक्या रेषेत लागतो. या अवरोधाचा मोठा भाग गोळीला मागे खेचतो आणि एक बारीकसा भाग आडवा पडतो. गोळीला बाजूला नेतो तो हा आडवा भाग. अवरोधच नसता तर कितीही वारा असूनही गोळी तसूभर हलली नसती.

आता हिशोब मांडू. शाळेतली सापेक्ष गती आठवत असेल तर एवढं पुरे.

समजा, वारा डावीकडून उजवीकडे वाहतो आहे आणि तुम्ही त्याच वाऱ्याबरोबर तरंगणाऱ्या फुग्यात बसून रेंजकडे पाहता आहात. तुमच्या दृष्टीने हवा स्तब्ध आहे. रायफल, नेमबाज, लक्ष्य हे सगळं मात्र सेकंदाला ३ मीटरने डावीकडे सरकतं आहे. अशा सरकत्या रायफलीतून सुटलेल्या गोळीला पुढे जाण्याचा ३२७ मीटरचा वेग आहे, शिवाय डावीकडचा ३ मीटरचाही. म्हणजे ती जरा डावीकडे तिरकी निघाली. हवा स्तब्ध असल्यामुळे अवरोध बरोबर तिच्या वाटेच्या उलट दिशेने लागतो. तो तिचा वेग कमी करेल, पण वाट वळवणार नाही. (गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, ते तूर्त बाजूला ठेवू.) मग ५० मीटर पुढे जाईपर्यंत ती डावीकडे किती सरकेल? साधं त्रैराशिक: ३ गुणिले ५० भागिले ३२७. यातलं ५० भागिले ३२७ म्हणजे ०.१५३ सेकंद. हवा नसती तर गोळीला लक्ष्यापर्यंत जायला एवढाच वेळ लागला असता.

पण हवा आहे. अवरोधामुळे गोळीला प्रत्यक्षात सुमारे ०.१५९५ सेकंद लागतात, आणि लक्ष्य तेवढा सगळा वेळ डावीकडे सरकत राहतं. गोळी ०.१५३ सेकंदांच्या हिशोबाने सरकली, लक्ष्य ०.१५९५ च्या हिशोबाने. फरक ०.००६५ सेकंदाचा. तो वाऱ्याच्या वेगाने गुणला की सुमारे २० मिलिमीटर येतात. गोळी लक्ष्याच्या मध्याच्या तेवढी उजवीकडे लागणार.

म्हणजे वाऱ्यामुळे गोळी किती भरकटणार हे ठरतं दोनच गोष्टींवर, वाऱ्याचा वेग आणि हवेमुळे झालेला उशीर. एकूण प्रवासाला किती वेळ लागला याचा थेट संबंध नाही. निर्वात पोकळीच्या तुलनेत गोळीला किती उशीर झाला, एवढंच पाहायचं. हा नियम इसिदोर दिदियों या फ्रेंच बॅलिस्टिक्सतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. दोन ओळींच्या गणितातून निघालेला हा नियम आजही रेंजवर पुरतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता त्याच वजनाची, पण सेकंदाला ३८२ मीटरने निघणारी 'हाय व्हेलॉसिटी' गोळी घ्या. पोकळीत तिला ०.१३१ सेकंद लागले असते. हवेतून जायला सुमारे ०.१४० लागतात. प्रवास आधी संपला हे खरं, पण उशीर झाला ०.००९ सेकंदाचा, मंद गोळीपेक्षा जवळजवळ दीडपट. त्याच वाऱ्यात ती सुमारे २७ मिलिमीटर भरकटते. नेम बरोबर मध्यावर धरला असता आणि वाऱ्याची काहीच दखल घेतली नसती, तर मंद गोळीने ८ गुण दिले असते आणि वेगवान गोळीने ७.

वेगवान गोळीला जास्त उशीर का व्हावा? कारण दोन्ही गोळ्यांच्या मध्ये आवाजाचा वेग उभा आहे.

गोळी हवेतून जाताना पुढच्या हवेला दाबते. हा दाब आवाजाच्या वेगाने पुढे पसरतो आणि समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळ मिळतो. गोळी आवाजाच्या वेगाजवळ पोचली की दाबाचे हे तरंग तिच्या पुढे पळू शकत नाहीत, नाकापाशी साचतात. गोळीच्या खांद्यावरून वळणारी हवा तर गोळीपेक्षाही जास्त वेगाने जाते, त्यामुळे गोळी स्वतः आवाजाच्या मागे असतानाच तिच्या अंगावर कुठे कुठे आवाजाचा वेग ओलांडला जातो. तिथे शॉकवेव्ह, म्हणजे साचलेल्या दाबाच्या तीव्र लाटा, तयार होतात आणि त्यांना लागणारी ऊर्जा गोळीच्या वेगातून जाते. १८८६ मध्ये एर्न्स्ट माख यांच्या कल्पनेवरून पेटर झाल्शर यांनी फियुमे इथे, म्हणजे आजच्या रियेकामध्ये, उडत्या गोळीचे फोटो घेतले. नाकापुढची शॉकवेव्हची कमान त्यात स्वच्छ दिसते.

अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३२७ ऐवजी ३८२ मीटरने जाणाऱ्या गोळीला त्या हिशोबाने ३६ टक्के जास्त अवरोध व्हायला हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट होतो. मंद गोळीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७ पट त्वरणाने कमी होतो, वेगवान गोळीचा सुमारे ३५ पट. आवाजाच्या वेगापाशी अवरोधाच्या आलेखाला उंचवटा येतो, त्याचा हा परिणाम. तो उंचवटा नसता तर उशीर वेगाच्या व्यस्त प्रमाणात राहिला असता आणि वेगवान गोळीच जिंकली असती. म्हणून 'जितकी मंद तितकी बरी' असाही नियम करू नये. २०० मीटर वेगाची गोळी वाऱ्यात आणखी वाईट वागेल. ३०० मीटर अंतराच्या स्पर्धेत लांब, टोकदार गोळ्या आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सोडतात, उंचवट्याच्या पार पलीकडून, आणि तिथे तेच योग्य आहे. पॉइंट टू टूच्या इवल्याशा काडतुसात तेवढी ताकद नाही. मग तिच्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे उंचवटा सुरू होण्याच्या जरा अलीकडे, ३२० ते ३३० मीटरवर. स्पर्धेची काडतुसं नेमकी तिथेच बसवलेली असतात.

तापमानाने आवाजाचा वेग बदलतो, त्यामुळे ही जागाही सरकते. पुण्यात बालेवाडीला मे महिन्यात ३८ अंशांच्या उन्हात आवाज ३५४ मीटरने जातो आणि गोळी उंचवट्यापासून निवांत दूर राहते. युरोपातल्या ५ अंशांच्या सकाळी तो ३३४ वर येतो आणि तीच गोळी उंचवट्यावर चढू लागते.

काडतुसांच्या खोक्यांवर 'हायपर', 'सुपर' अशी विशेषणं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, आणि नव्या नेमबाजाला वाटतं की जास्त पैसे मोजले की गुण वाढतील. ५० मीटरवर कागदाला भोक पाडायला त्या वेगाचा काडीचा उपयोग नाही. दुसरीकडे रायफलला अमुक रंगाचा दोरा बांधणं, अमुक वारी नवं खोकं न फोडणं असलं काही कुणी सांगू लागला तर त्याला रायफल शिकंज्यात आवळून दोन लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या खेपांत बनलेल्या, गोळ्या झाडायला सांगावं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक दिसतो, तो दारूच्या आणि गोळीच्या सूक्ष्म फरकांमुळे. गोळीचा वेग ५ मीटरने कमीजास्त झाला तर ५० मीटरवर ती सुमारे ४ मिलिमीटर खालीवर लागते. म्हणूनच मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन एली आणि लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत, म्हणजे बर्मिंगहॅमजवळ किंवा जर्मनीत शोनेबेकला, जातात आणि लॉटमागून लॉट तपासून निवडतात. त्यांची श्रद्धा मोजमापावर असते, आणि ती फळते.

मग वेगवान गोळ्या खपतात कुणासाठी? मुख्यतः छोट्या शिकारीसाठी. अमेरिकेत खारी आणि ससे पॉइंट टू टूने मारतात. शिकाऱ्याला अंतर नक्की ठाऊक नसतं, तो अंदाजाने चालतो. मंद गोळी ५० मीटरवर जाईपर्यंत साडेबारा सेंटिमीटर खाली येते, वेगवान गोळी साडेनऊच्या आसपास, आणि पुढे हा फरक झपाट्याने वाढतो. अंतराचा अंदाज चुकला तर वेगवान गोळी कमी चुकते. ब्रिटनमध्ये शेतातले ससे मारणारे मात्र सायलेन्सर लावून मंद गोळीच वापरतात, कारण शॉकवेव्हचा कडाड आवाज झाला की उरलेले ससे बिळात जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथे पॉइंट टू टूचं काम कागदी लक्ष्यावर.

रेंजवर गोळीच्या वाटेशेजारी, नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची छोटी निशाणं लावलेली असतात. अनुभवी नेमबाज दोन्ही पाहतात. वारा सारखाच असला तरी जवळच्या निशाणापाशी वाहणारा जास्त नुकसान करतो. गोळीला सुरुवातीलाच मिळालेला आडवा वेग उरलेल्या सगळ्या वाटेवर तिला सरकवत राहतो, तर लक्ष्यापाशी मिळालेल्या वेगाला सरकवायला अंतरच उरत नाही. लक्ष्याजवळचं निशाण स्तब्ध दिसलं म्हणून घोडा ओढणारा नवखा इथेच फसतो.

आणखी एक बारकावा आहे. आडव्या वाऱ्यात गोळी खालीवरही होते. सुटताना नाक वाऱ्याकडे वळतं तेव्हा फिरत्या गोळीला थोडा उभा झटका मिळतो. उजव्या पिळाच्या नळीत उजवीकडून वारा आला तर गोळी डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडून आला तर उजवीकडे आणि किंचित खाली. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी लक्ष्यावरची भोकं सरळ आडव्या ओळीत पडत नाहीत. घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडून चारच्या आकड्याकडे तिरकी पसरतात. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, क्लिक फिरवताना नेमबाज नुसता आडवा हिशोब करून थांबत नाही, उभाही करतो. वारा क्षणोक्षणी बदलत असेल तर रायफल खाली घेतो आणि ज्या वाऱ्यात सराव केला तसाच वारा परत येईपर्यंत थांबतो.